पांदणीनं न जाणारी सायकल

आमचा मोठाबा रस्त्याच्या मधून कधी चालला नाही. मोठाबा म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. बाप मी लहान असतानाच गेला, मला वाढवलं ते यानंच. रस्ता रिकामा असो, भर दुपारी त्यावर कुत्रंही नसो, हा गडी कडेच्या मातीतून चालायचा. मान खाली, धोतराचा सोगा हातात. अकोल्यासारख्या शहरात नेला तरी गटाराच्या काठाकाठानं चालला. मला त्याच्या त्या चालण्याचा फार राग यायचा. राग खरा कोणावर काढायचा, हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे. आमची वस्ती गावाच्या एका टोकाला, आणि पक्का रस्ता गावातून, चावडीपुढून जाणारा. चावडीपुढून आमच्या माणसानं जायचं ते वहाणा हातात घेऊन. कोणाकडे सायकल असलीच तर उतरून, हातात धरून. हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी वस्तीच्या मागून पांदण होती, शेताशेतांमधून जाणारी गाडीवाट. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. गावाला वळसा घालून ती नाल्यापलीकडे त्याच रस्त्याला मिळायची. मोठाबानं गावकीचं टपाल तालुक्याला पोचवण्यात जन्म घालवला, तो सगळा या पांदणीनं. "रस्ता लोकायचा, पांदण आपली," हे त्याचं ठरलेलं बोलणं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा गावकीचं काम त्यानं टाकून दिलं, घरातले देव नाल्यात सोडले. पांदण तेवढी सुटली नाही.

मी मास्तरकीची परीक्षा पास झालो आणि पलीकडच्या एका गावच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. रोज पायी जाण्यासारखं अंतर नव्हतं. मूर्तिजापुरात भाड्याच्या सायकलीवर मी कसाबसा शिकलो होतो. चढणं जमायचं, उतरणं म्हणजे पडणं. सायकल घ्यायला अकोल्याला निघालो तर मोठाबा म्हणाला, "मीबी येतो." ज्यानं जन्मात सायकलीला हात लावला नाही तो काय डोंबलं पाहणार होता? पण आला.

माझ्या मनात सगळं पक्कं होतं. आधी पांदण, पुढं पक्का रस्ता. तेव्हा दोन्हीवर चालेल अशी सायकल हवी. दुकानदारानं तशीच काढली. दोन दांड्यांची, जाड टायरांची, मडगार्ड नाही, चेन उघडी. "दूधवाले हेच नेतेत," तो म्हणाला. "चिखल भरत नाही, फुफाट्यात फसत नाही. नव्या माणसालेबी संभाळते. आँख मूंद के ले जाओ." मी खूश. मोठाबानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हे पांदणीनं जाईन काय?"

"बैलगाडी जाते तिथं जाईन, बाबा."

"मंग हे नको. जे पांदणीनं जातच नाही, थे दाखवा."

दुकानदार माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी मोठाबाला बाजूला घेतलं. नोकरी नवी आहे, चावडीपुढं रोज उठून भानगड कोण करणार, हे त्याला हळू आवाजात समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले पांदणीची सायकल घेऊ देली, तं तू पांदणीनंच जाशीन. मी वळखतो तुले. मीबी तसाच गेलो." मी दुकानदाराला दुसरी काढायला सांगितलं. मग आली ती सायकल अशी: बारीक टायर, चाकाला चिकटलेले मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि हँडलवर ही मोठी घंटी. "काळ्या मातीत घातली तं चाक जाम होईन, मंग मले सांगू नका," दुकानदारानं बजावलं. मोठाबा त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

शाळेच्या पहिल्या दिवशी तो माझ्याआधीच चावडीपुढं जाऊन उभा होता. रस्त्याच्या कडेलाच. मी जवळ आलो तसा चावडीवरून आवाज आला, "काहून बे मास्तर, उतरता येत नाही काय?" खरं सांगायचं तर नव्हतंच येत. मी घंटी वाजवत सरळ निघून गेलो आणि नाल्यापलीकडे एका बाभळीला धरून थांबलो. माझ्या शौर्याची कथा एवढीच. वस्तीतली पोरं पुढं ती फार रंगवून सांगत.

मला कोणी काही केलं नाही. मास्तर पडला सरकारी माणूस. त्यांनी म्हाताऱ्याला धरलं. त्या दिवसापासून गावातल्या एकाही शेतात मोठाबाला काम मिळालं नाही. डवरणीला नाही, मळणीला नाही. तोंडावर नाही कोणीच म्हणालं नाही. "उद्या पाहू," म्हणत, आणि तो उद्या कधी उजाडला नाही. त्या वयात तो लांबलांबच्या गावांना कामाला जायचा, कडेकडेनं चालत. "कशाले जातं? माह्या पगारात भागते ना," मी म्हणायचो. "पाय मोकळे होतेत," एवढंच त्याचं उत्तर.

संध्याकाळी आला की फडक्यानं सायकल पुसायचा आणि घंटी वाजवून पाहायचा. "घंटी वाजवत जात जाय. चोरावानी जाऊ नको." एकदा मी चिडून विचारलं, "अन् तू काहून मधून चालत नाही मंग?" तो म्हणाला, "माह्या पायाले वळण पडलं, बापा. थे आता जात नाही. तुह्या सायकलीले पडू देऊ नको." आज मी अमरावतीत राजापेठेच्या गर्दीतून अगदी मधून चालतो. मागून स्कूटरवाले शिव्या देतात. देऊ देत.

काही वर्षांनी, ऐन पोळ्याच्या सकाळी, तो तापानं गेला. तोवर वस्तीतली आणखी पोरं सायकलीवरून चावडीपुढून जाऊ लागली होती, आणि मला वाटायचं, संपलं एकदाचं. मसणवटा नाल्यापलीकडे, म्हणजे मयताची सरळ वाट चावडीपुढूनच. तिरडी बांधत असताना पाटलाचा माणूस आला. आवाज मोठा गोड. "मास्तर, सणाचा दिवस. रस्त्यावर बैलायचं तोरण बांधलं. तोरणाखालून मयत नेत नसतेत. आजच्या दिवस पांदणीनं न्या." मी म्हणालो, संध्याकाळी तोरण तुटल्यावर नेऊ. "मंग बैल घरोघर पूजेले फिरतेत," तो म्हणाला. त्याच्यापाशी सगळ्याचं उत्तर तयार होतं.

मी वस्तीतल्या जाणत्यांना हात जोडले. म्हणालो, हा माणूस जन्मभर ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं तरी आज याला नेऊ नका. ते म्हणाले, "सणावाराची कशाले भानगड? मेलेल्या माणसाले काय कळते, रस्ता का पांदण." ज्यांची पोरं त्याच्यामुळं घंटी वाजवत जात होती, त्यांनीच तिरडी पांदणीकडे वळवली. पाटलाबद्दल मनात जे आहे ते आहेच. यांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

पांदणीकडे वळलेल्या तिरडीला मी खांदा दिला नाही. अंगणातली सायकल काढली आणि मागं निघालो. त्याची म्हणावी अशी दुसरी वस्तू घरात नव्हती. पांदणीत शिरतो न शिरतो तोच काळी माती मडगार्डात गच्च भरली. चाक फिरेना. ढकललं, उचलून आपटलं, काडीनं माती उकरली, पुन्हा भरली. पुढून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, ठेव थे सायकल तिथंच." तिरडी बाभळींच्या आड दिसेनाशी होत होती.

म्हाताऱ्यानं निवड चोख केली होती. सायकल पांदणीनं गेली नाही. तो गेला.