टँकरची धून, शुद्ध स्वरूपात

पियानोची ती जगप्रसिद्ध धून मी पहिल्यांदा ऐकली ती टँकरच्या रिव्हर्स हॉर्नवर. त्या वर्षी पालीचं धरण आटलं होतं. ड्रायव्हरनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली की ती धून किंचाळायची आणि बायका भाकरी तव्यावर तशीच टाकून घागरी घेऊन पळायच्या. टँकर यायचा नेम नसे. धून हीच वर्दी.

पुढे गावच्या दूध संस्थेच्या मदतीनं मी औरंगाबादला शिकायला गेलो. तिथल्या आमच्या मॅडमनी एकदा घरी पियानोची कॅसेट लावली. पहिल्याच सुरांना मी खुर्चीतून ताडकन उठलो. मॅडमना वाटलं, आदरानं उठला. मी तो समज मोडला नाही.

बसून ऐकलं, तर मूळ रचना केवढी निवांत! दोन शेजारचे सूर जावं की न जावं अशा विचारात एकमेकांकडे ये-जा करतात. मग डाव्या हाताचे जड सूर खालून पायरी पायरीनं चढून त्यांना भेटतात. मध्ये श्वास घ्यायला जागा. टँकरच्या आवृत्तीला डावा हातच नव्हता. सगळे सूर एकाच जोराचे, विसावा कुठं नाही, आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की ओळ असेल तिथं तुटायची. म्हणजे आपल्या गावानं हिचा शेवट कधी ऐकलाच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पदवी मिळाली की माणसाला अशा गोष्टींचं वाईट वाटू लागतं.

कॅसेट ऐकून ऐकून मी ती बोटांत बसवली होती, त्यामुळे संस्थेनं माझा सत्कार ठरवला तेव्हा मित्राचा कीबोर्ड मागून आणला. गावाला शुद्ध धून ऐकवायची, अगदी संथ, डाव्या हातासकट. म्हणजे कुणाचा गोंधळ होणार नाही.

शाळेच्या पटांगणात आई पुढंच बसली होती. गाव अजून टँकरवरच होतं आणि घरातला ड्रम कोरडा होता.

"टँकर आला तर मी उठनार हाय. आदीच सांगते," ती म्हणाली.

"माझं वाजवणं होईपर्यंत तरी थांब."

"घरात पेलाभर पानी न्हाई. तुजं वाजवनं पिऊ का?"

चेअरमननी शाल दिली आणि माइकवर सांगितलं, "आता आपले पदवीधर विलायती संगीत वाजवनार हायत. कळो न कळो, टाळ्या वाजवायच्या."

मी डोळे मिटून सुरुवात केली. झाडाला बांधलेल्या भोंग्यानं माझे सगळे खालचे सूर गिळले आणि वरचे तेवढे गावभर सोडले. त्यात घाईघाईत मी वेग धरला. भावना म्हणून जे काही मी घातलं होतं, ते भोंग्यातून कर्कश होऊन बाहेर पडत होतं.

"आला बे टँकर!" मागून कुणीतरी ओरडलं.

डोळे उघडले तेव्हा पटांगण रिकामं होत होतं. सगळ्यात पुढं आई.

"आई, मीच हाय!" मी माइकवर ओरडलो. कुणी वळूनही पाहिलं नाही.

"वाजवा, वाजवा तुमी," चेअरमन म्हणाले. "मी बसलोय की."

मी शेवटापर्यंत वाजवलं. टाळ्या त्यांनी एकट्यानं वाजवल्या.

टँकर थांबायचा त्या पाराजवळ गेलो तर टँकर नव्हताच, पण घागरींची रांग लागली होती. लागलेला नंबर सोडून माझ्या कार्यक्रमाला परत येण्याइतकं वेडं त्या गावात कुणी नव्हतं. आईचा नंबर पहिला. मला पाहून बायका पदराआड हसत होत्या.

"बाबा, परत वाजव," एक काकू म्हणाल्या, "खरा यील तरी."

मी शाल काढून काखेत घातली. ऊन उतरता उतरता खरा टँकर आला. अरुंद बोळातून त्याला बरंच अंतर मागे यायचं होतं, त्यामुळे हॉर्न न तुटता वाजत राहिला. मी मान तिरकी करून पुढची ओळ येते का ते ऐकू लागलो.

"ऐकत काय उभारलास?" आईनं घागर पुढं सरकवली. "पाइप धर."

मी धरला.