पन्हळीतले गपी

आजही सकाळी पन्हळ कोरडी ठणठणीत होती आणि उद्घाटन शुक्रवारवर आलं होतं.

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या एका ऑफिसच्या लॉबीत मी पाण्यावर चालणारी जुनी लाकूड-गिरणी उभी करत होतो. क्लायंट मिस्टर कोह, लाकडाचे व्यापारी. युरोपातल्या एका डोंगराळ गावात ही गिरणी मोडीत निघाली होती, ती त्यांनी उचलून आणली. रचना सोपी. पन्हळीतून पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, क्रँक त्या फिरण्याचं वर-खाली करतो आणि उभी करवत ओंडका कापते. माझं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, पण इतकं गुणी यंत्र पाहिलं नव्हतं. जीवच जडला.

फक्त पन्हळ गळत होती. त्यात नवल नाही. आमच्या अलिबागला पावसाळाभर वर काढून झाकून ठेवलेली होडीही पाण्यात उतरवली की आधी गळते. मग लाकूड फुगतं, फटी बुजतात. म्हणून मी रोज संध्याकाळी पन्हळ काठोकाठ भरून घरी जायचो.

मिस्टर कोहना धीर नव्हता. "शुक्रवारी चालली नाही तर चाक आणि पन्हळ फायबरची बसवू. जुनं लाकूड टाकून देऊ. पाहुण्यांना काय कळतंय?"

मला कळत होतं ना! माझं डोकंच फिरलं.

त्या संध्याकाळी छत्री विसरलो म्हणून परत आलो. पाहतो तर बिल्डिंगच्या मॅनेजर मिस लिम पाइप लावून माझी पन्हळ रिकामी करतायत.

"अहो, हे काय चाललंय?"

"अंकल, साचलेलं पाणी! डास होणार. इन्स्पेक्शनमध्ये सापडलं तर फाइन मला. कॅनॉट लाह, चालणार नाही!"

मी त्यांना लाकडाचं फुगणं समजावलं, त्यांनी मला डेंगू समजावला. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे भांडण छान रंगलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "मग मासे सोडा. गपी अळ्या खातात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आंग मो किओतल्या आपल्या घरून पिशवीभर गपी आणले. पन्हळ भरलेली राहिली, लाकूड फुगलं आणि गुरुवारी गळती थांबली. मी खुशीत लिटिल इंडियातून पेढे आणून वाटले.

शुक्रवारी पाहुणे जमले. मिस्टर कोहनी भाषण संपवून पन्हळीचं तोंड अडवणाऱ्या फळीला हात घातला. फळी उचलली की पाणी थेट चाकावर. पाणी, आणि गपी!

"थांबा!" मी ओरडलो. "आत मासे आहेत!"

मिस लिम पँट्रीतून चहाची गाळणी आणि बादली घेऊन धावत आल्या. मी कोट-टायमध्ये स्टुलावर चढून एकेक गपी पकडत होतो आणि त्या खालून "अंकल, लेफ्ट! लेफ्ट!" करत होत्या. मिस्टर कोहच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मग फळी उचलली. चाक कुरकुरलं, फिरलं, करवत ओंडक्यात शिरली. पन्हळीतून एक थेंब गळला नाही. भुश्शाचा वास लॉबीभर पसरला आणि मला भरून आलं.

मिस्टर कोह हळूच म्हणाले, "फायबर नको."

जुनं लाकूड वाचलं. फोटो मात्र सगळ्यांनी माझेच काढले, गाळणीसकट. आता गिरणी चालवून दाखवायची असली की मलाच बोलावतात. करवतीला तेल देणं पाच मिनिटांचं काम, पण गपींचा संसार इतका वाढलाय की त्यांना बाहेर काढण्यातच सकाळ जाते. जुनं यंत्र टिकवायचं तर आधी त्याचं पाणी सांभाळावं. आणि गाळणी जरा मोठीच घ्यावी.