नवमीला हिशेब बंद

खंडेनवमीला आमच्या घरी अप्पांच्या कपाळाला गंध लागायचं, ते हत्यार म्हणून.

मद्रासेत त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. सायकलींपासून कारखान्यातल्या लेथपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं आणि त्या दिवशी त्यांना कुणी कामाला लावत नाही. वेस्ट मांबलमच्या आमच्या तंजावरी मराठी घरात नवरात्रात मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांसमोर पाट मांडलेला असे. त्यावर आईची विळी, कात्री, माझी शाळेची पुस्तकं. सगळ्यांना बोटं लावून झाली की आई तशीच अप्पांकडे वळायची. अप्पा विम्याच्या ऑफिसात आकडेमोडीच्या खात्यात होते. त्यांचं हत्यार म्हणजे त्यांचं डोकं, आणि ते काही पाटावर काढून ठेवता येत नव्हतं. म्हणून तेच चंदन, तेच कुंकू आई त्यांच्या कपाळाला लावायची, आणि मग अप्पांचा हिशेब दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

हे नुसतं म्हणायला नव्हतं. त्या दिवशी अप्पा खरोखरच आकड्याला शिवत नसत. भाजीवालीशी मला बोलावं लागे. शेजारच्या मामींनी विचारलं की तुमच्या मुलीला कितवं लागलं, तर म्हणायचे, "उद्या या, सांगतों." एरवी त्यांचे ओठ सतत हलत असायचे. जेवताना, मांबलम स्टेशनवर गाडीची वाट बघताना, देवासमोरसुद्धा. लोकांना वाटे, केवढा जप करतो हा माणूस. नवमीला मात्र ते ओठ मिटलेले असत आणि अप्पा अगदी पोरासारखे दिसत.

दशमीच्या सकाळी हत्यारं उचलायची. मी पुस्तकातल्या चार ओळी वाचायची, आई कात्रीने चिंधी कापायची. मग ती कॉफीचा टंबलर घेऊन अप्पांसमोर उभी राहायची आणि तोंडाला येतील ते दोन आकडे सांगून विचारायची, गुणून किती? तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर यायचं. ती म्हणायची, "सरी." म्हणजे तमिळमध्ये, बरोबर. मगच कॉफी हातात. गंमत अशी की आईला गुणाकार येतच नव्हता. उत्तर बरोबर आहे की चूक हे तिला जन्मात कळलं नसतं. पण तिचं ते 'सरी' अप्पांना साहेबाच्या सहीपेक्षा मोठं होतं.

अप्पा नेमकं काय मोजत होते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. अमुक वयाची इतकी माणसं असली तर वर्षभरात त्यातली किती जातील, त्यावरून हप्ता किती लावायचा, असलं ते काम. म्हणजे माझे वडील वर्षभर मरणं मोजत होते. नवमीला तेवढं मोजत नव्हते.

साठच्या दशकात, मी कॉलेजात असताना, बातमी आली की ऑफिसात इलेक्ट्रॉनिक मेंदू येणार. तेव्हा त्याला तसंच म्हणत. पेपरात यायचं, स्टेशनवर लोक तावातावाने बोलायचे. कुणी म्हणे, एक यंत्र शंभर कारकुनांचा घास खाईल. कुणी म्हणे, आज हिशेब करतंय, उद्या हुकूम सोडेल. युनियनने काळ्या फिती वाटल्या. अप्पांनीही दंडाला बांधली, पण गाठ आईकडून मारून घेतली आणि घरी येताना खिशात घातली. हल्ली टीव्हीवर तेच सगळं नव्या कपड्यात ऐकते. यंत्र विचार करायला लागलं, आता माणसाचं कसं होणार. मला त्या लोकांचं हसू येत नाही. मात्र ते ज्याला घाबरतात, त्यापेक्षा वेगळंच काहीतरी आमच्या घरात घडलं.

शेजारच्या मामींच्या यजमानांना दम्याचा विकार होता. एका संध्याकाळी त्या कट्ट्यावर आल्या आणि आवाज खाली आणून अप्पांना विचारू लागल्या, "ते मिशीन सांगतं म्हणे, कोण कधी जाणार. ह्यांचं तेवढं बघाल का?"

अप्पा म्हणाले, "मामी, किती जाणार ते त्याला कळतं. कोण ते कळत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मलाही तेवढंच."

मामींचा विश्वास बसला नाही. पुढे त्यांचे यजमान गेले. त्यानंतर अप्पा ऑफिसातून येताना दिसले की मामी उठून आत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. अप्पांना ते दिसायचं. ते चप्पल काढताना उगाचच जास्त वेळ लावायचे. मला मामींचा राग यायचा, आणि एकदा मी तो तोंडावर बोलूनही दाखवला. आईने मला आत ओढलं.

यंत्र आलं तेव्हा घरच्यांना बघायला बोलावलं होतं. त्याच्यासाठी खास थंड केलेली खोली, बाहेर बीचकडून येणारा दमट उकाडा आणि आत अंगावर काटा. मोठाली कपाटं होती आणि त्यातून एकसारखा, मधेच श्वासही न घेणारा गुणगुणाट येत होता. मला वाटलं होतं, काहीतरी खडखडेल, दिवे नाचतील. तसं फारसं काही नव्हतं. तो आवाज तेवढा होता. अप्पा कपाटांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "ओठ न हलवतां करतंय, बघ."

यंत्राबरोबर पुण्याहून एक तरुण अधिकारी आला होता. आमचं मराठी ऐकून तो हरखून गेला. तंजावरकडची आमची बोली, तीनशे वर्षांपूर्वीची आणि वर तमिळ हेल. त्याला ती गोड वाटे आणि हसूही येई. वाईट मुलगा नव्हता. अप्पांना काका म्हणायचा, त्यांची आकडेमोड बघून थक्क व्हायचा आणि ते मनापासून बोलून दाखवायचा. ऑफिसातली आयुधपूजा सुट्टीच्या आदल्या दिवशीच उरकत; तिथे वाद झाला की यंत्राला गंध लावायचं की नाही. युनियनवाले म्हणाले, मुळीच नाही. हा म्हणाला, ओलं काही जवळ नेता येणार नाही. शेवटी सगळ्यांनी अप्पांना पुढे केलं आणि अप्पांनी खोलीच्या दारालाच चंदन-कुंकू लावलं. हे त्यांनी घरी आईला हसत हसत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरच्या नवमीला आईने त्या मुलाला जेवायला बोलावलं. परक्या गावात सणाला एकटा कशाला, म्हणून. अप्पांच्या कपाळावरचं गंध बघून त्याने विचारलं आणि आईने सगळं सांगितलं, की आज ह्यांचं डोकं पूजेत आहे, कणक्क अगदी बंद. कणक्क म्हणजे आमच्याकडे हिशेब. तो खूप हसला. मग हरभऱ्याच्या सुंडलाची वाटी हातात घेऊन अगदी सहज म्हणाला, "काका, तुमची बरी मजा आहे. आमच्याकडे वर्षअखेरचं काम अडकलंय, म्हणून आज ते चालूच ठेवलंय. मी सकाळीच लावून आलो. त्याला काय, सुट्टी लागत नाही."

अप्पांचा हात ताटात थांबला.

"आज? आज पण चालतंय की?"

"हो. संध्याकाळपर्यंत सगळ्या वयांचे तक्ते तयार होतील. दशमीला तुम्ही आलात की फक्त सह्या करायच्या."

अप्पांनी मान हलवली. आईला पाहुण्याच्या ताटात आणखी पायसम वाढायला सांगितलं, स्टेशनपर्यंत पोचवून आले. रस्त्यात जागोजाग दृष्ट काढायला कुंकू भरून फोडलेले भोपळे पडले होते; परत येताना अप्पांचा पाय एकात पडला असावा, कारण दारात लाल ठसे उमटले. आईने ते पाणी टाकून धुतले. तोवर अप्पा पाटासमोर, विळी आणि कात्रीच्या शेजारी जाऊन बसले होते. डोळे उघडे, ओठ मिटलेले. काही ऐकत असल्यासारखे.

दशमीच्या सकाळी मी वाचलं, आईने चिंधी कापली. मग ती टंबलर घेऊन उभी राहिली. "सत्तावीस आणि चौतीस. गुणून किती?"

उत्तर आलं नाही. आईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा विचारलं.

"आज नोको," अप्पा म्हणाले.

कॉफीवर साय धरली. आईने ती तशीच खाली ठेवली आणि अप्पांनी ती घेतली नाही.

अप्पांची नोकरी गेली नाही. युनियनने ओरडून ओरडून तेवढं मिळवलं होतं, कुणालाही काढणार नाही. त्यांना वेगळं टेबल मिळालं. यंत्राने छापलेले तक्ते तपासून त्यावर सही करायची. सुरुवातीला ते तपासत असत. चूक सापडत नसे. पुढे नुसती सही. पगार वेळेवर यायचा, घर चालत होतं, लोक म्हणायचे, बघा, उगाच घाबरलो. आणि अप्पांचे ओठ कायमचे थांबले होते. जेवताना, स्टेशनवर, देवासमोर. ते रस्त्याने चालताना पिठाच्या गिरणीची घरघर आली की थबकायचे, मान कलती करायचे, आणि मी दंड धरून पुढे न्यायची. मला त्यांची भीती वाटायची. आपल्याच वडिलांची भीती वाटावी ह्यापेक्षा वाईट काही मला ठाऊक नाही.

एकदा गाडीत मी चिडून विचारलं, "अप्पा, यंत्र करतं तर करू दे. तुम्हाला कुणी बंदी केलीय का?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वर्षाचा एक दिवस मी कोणाचं मरण मोजत नव्हतों. त्या दिवशी अस्के लोक, एकूणएक, जिवंत असायचे, पोरी. आता तो दिवस कुठे राहिला?"

तांबरमला उतरायचं होतं, उतरलो.

आईने मात्र सोडलं नाही. दर नवमीला ती त्यांच्या कपाळाला गंध लावायची आणि दर दशमीला टंबलर घेऊन उभी राहायची. आकडे तेच, सत्तावीस आणि चौतीस. मी म्हटलं, निदान दुसरे तरी विचार. ती म्हणाली, "ह्याचंच अजून आलं नाही, तर दुसरं कशास विचारूं?" अप्पा मान हलवायचे. ती थोडा वेळ थांबायची आणि मग कॉफी त्यांच्या शेजारी ठेवून आत जायची. एकदाही तिने त्यांना बोल लावला नाही.

ते दशक संपत आलं असताना एका पावसाळ्यात आई तापाने गेली. चार दिवसांचं दुखणं, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वर्षभर सण नाहीत, म्हणून त्या वर्षी कोलू मांडला नाही. पाट भिंतीला टेकून उभा होता, विळी स्वयंपाकघरात, अप्पांचं कपाळ कोरडं. नवमी गेली. दशमीच्या सकाळी मी कॉफी करत होते आणि मला बाहेरून आवाज आला.

"नऊशे अठरा."

मी दारात आले. अप्पा कोलूच्या रिकाम्या जागेसमोर नेहमीसारखे बसले होते, आणि आई जिथे उभी राहायची तिकडे बघत होते. मला बघून त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, तिला ऐकू गेलं नसेल अशा बेताने, "नऊशे अठरा."

उत्तर बरोबर होतं. मला गुणाकार येत होता. मी टंबलर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "सरी, अप्पा."

ते आई उभी राहायची तिकडे बघतच राहिले.