टोपलीतल्या रबरी चपला

आमच्या आलिशान यॉटवरच्या वेताच्या टोपलीत पाहुण्यांनी डेकवर येताना काढलेल्या उंची बुटांशेजारी भाजीवाल्यांच्या रबरी चपला पाहिल्या आणि कप्तान म्हणून माझी छाती फुगली!

मालकांच्या आईला ऐंशीव्या वाढदिवशी आपल्या कॅरिबियन जन्मगावी उतरायचे होते. छोट्या होडीत चढणे त्यांना जमत नव्हते, म्हणजे यॉट थेट बंदराच्या धक्क्यालाच लागायला हवी. तीन महिने मी आराखडे रंगवले. पोचलो, तर आमच्या जागेवर भाजीची होडी!

"गुरुवारी ती तिथेच लागते," बंदराच्या अधिकारी बाई म्हणाल्या. "तुम्ही आत, धक्क्याला लागा, ती बाहेर सरून तुम्हाला खेटून लागेल. माल तुमच्या डेकवरून उतरेल. चालेल, कप्तानसाहेब?"

"चालेल! पण चपला काढून!"

"एवढा थाट, आणि साधं पायपुसणं नाही?" पहिल्याच भाजीवालीने मला सुनावले.

नकाशावर मोकळी दिसणारी जागा म्हणजे कुणाचा तरी गुरुवार असतो, हे मला तेव्हा कळले. डोक्यावर भोपळे, रताळी घेऊन बायका आमच्या चकचकीत डेकवरून अनवाणी निघाल्या. रांगेच्या शेवटी, केळ्यांची फणी छातीशी धरून, मालकांच्या आई ताठ मानेने धक्क्यावर उतरल्या. त्याही अनवाणीच!