बाटली उलटी धरणारा साडू

जगात आपोआप होईल तेच खरं, बाकी सगळी लुडबूड, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. सावेडीत आमच्याच इमारतीत तो भाड्याने राही आणि एका प्रयोगशाळेत पेप्टाइडं जुळवत असे. म्हणजे तो जुळवत नसे, ती आपली आपण जुळतात म्हणे. प्रथिनांचे हे बारके तुकडे पाण्यात सोडले की एकमेकांना धरतात, त्यांचे डोळ्यांना न दिसणारे धागे होतात, धाग्यांत पाणी अडकतं आणि दह्यासारखं घट्ट होतं. मग ते जखमेत भरायचं. हे त्याने मला तीनदा समजावलं. पहिल्यांदा थोडं कळलं होतं.

घट्ट झालं की नाही हे बघायची त्याची रीत एकच, बाटली उलटी धरायची. हिवाळ्यात खोबरेल तेल, सणाला श्रीखंडाची वाटी, काही सुटलं नाही. पारनेरला सासुरवाडीत तर भर पंगतीत त्याने दह्याचं गाडगंच उलटं केलं. दही जागचं हललं नाही, सासूबाई हलल्या. "जावईबापू, लागलंय ते. सरळ धरूनबी कळतंय की." तो गाडग्याकडे हेव्याने बघत राहिला. त्याचं द्रावण काही केल्या लागत नव्हतं आणि दिवाळीनंतर अनुदान देणारी समिती येणार होती. तिच्यासमोर बाटली उलटी करून दाखवता आली नाही, तर काम बंद आणि सावेडीतलं बिऱ्हाडही.

समितीच्या दिवशी मीही गेलो. दीपप्रज्वलन झालं, शाल-नारळ झाले. अध्यक्षांनी 'राष्ट्र' हा शब्द इतका घोळवला की निदान तो तरी घट्ट होईल असं वाटलं. मग साडूने बाटली उलटी केली आणि सगळं अध्यक्षांच्या नव्या शालीवर सांडलं. अध्यक्ष "वा, छान" म्हणाले. त्यांना वाटलं, असंच व्हायचं असतं. बाकीच्या सदस्यांना मात्र कळलं.

महिन्याभरात तो पुण्याला गेला. मागे राहिलेली एक बाटली आमच्या शोकेसमध्ये आली. परवा धूळ पुसताना, का कोण जाणे, मी ती उलटी केली. थेंब पडला नाही. मी त्याला फोन लावून सांगितलं.

"भाऊ, कुणी काही केलं का तिला?"

"कुणी बघितलंसुद्धा नाही."

"आपोआप?"

"आपोआप."

पाठवून देऊ का, असं विचारलं, तर म्हणाला, "नको. हलवू नका."

तेव्हा ती माझ्या हातात उलटीच होती. तशीच ठेवून दिली.