आईच्या खांद्यावरचं कबूतर

आमचा अण्णा आज पहाटे गेला, आणि त्याची कबुतरं दाण्यासाठी कौलावर घुमतायत.

(बोलतेय मी, वय पंच्याऐंशी. टाइप नात करतेय. चुका तिच्या.)

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं गोळी सोड्याचं दुकान होतं. मागे आमचं घर.
होतं म्हणजे, उघडं असेल तेव्हा.

माणूस एक, छंद छप्पन्न. कबुतरं, गुलाबाची कलमं, बुलबुलतरंग, कुस्त्यांचे फड. त्यात कुठूनसा एक बॉक्स कॅमेरा पैदा केलेला.

दारात पाटी टांगून जायचा. "कलम बांधतोय. सोडा आपला आपण फोडून घ्या."
गिऱ्हाईकंही तसलीच. फोडून प्यायची, वर बाटली धुऊन ठेवायची.

सन पन्नासनंतरची गोष्ट. मी चौदा वर्षांची असेन.

आई फोटो काढू द्यायची नाही. म्हणायची, "मानूस गेल्यावर भितीला टांगाया फोटू लागतो. मला न्हाई टांगून घ्यायचं."

वर्षभर अण्णा तिच्या मागे लागला होता. एका सकाळी तीच नवं लुगडं नेसून अंगणात येऊन बसली. तब्येत उतरत चालली होती. तिला ते आमच्या आधी कळलं असावं.

अण्णाने सूर्य पाठीशी घेतला. फोटो काढताना ऊन आपल्या पाठीवर पाहिजे, हा त्याचा नियम.
तेवढ्यात त्याचं लाडकं कबूतर, सरदार, भिंतीवर येऊन बसलं. "थांब आई, ह्यो बघ कसा ऐटीत बसलाय!" म्हणून आधी त्याचाच फोटो.
मग दुकानातून हाक आली. "अण्णा, पावणं आल्यात, दोन सोडे!"
तो पळाला, सोडे फोडून धापा टाकत आला आणि आईचा फोटो काढला.

मधे एक किल्ली फिरवायची असते, म्हणजे रोल पुढे सरकतो, नाहीतर एका फोटोवरच दुसरा उमटतो. ती राहिली.

रोल धुवायला पुण्याला गेला. फोटो आले तेव्हा आईचं दिवसकार्यही उरकलं होतं.
तिचा एकच फोटो, आणि त्यावर कबूतर. अर्धा चेहरा पंखाखाली.

"तुझ्या छंदापायी आईचं तोंड गेलं."
हे मी बोलले. अजून लई बोलले.

दुसऱ्या दिवशी खुराडं रिकामं. सगळी कबुतरं टोपलीत घालून अण्णा निरगुडसरच्या मित्राला देऊन आला. नंतर दुकानात नुसता बसून राहायचा. पाटी कोरी.

पण कबुतरांना हे कोण सांगणार? मित्राने दार उघडलं मात्र, सगळी परत आमच्या कौलावर.
अण्णा वर बघेना. मान खाली घालून बाटल्या धूत राहिला.

मग मीच ज्वारीची ओंजळ घेऊन अंगणात गेले. सरदार पहिला खाली उतरला.
म्हटलं, "अण्णा, पाणी ठेव की त्यास्नी."
तो रडायला लागला. मग मीही.
त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तोच फोटो आज टाकतेय. आईचा एक डोळा दिसतो, नथ दिसते, आणि ती हसतेय. खांद्यावर सरदार. मला जन्मभर तेवढं पुरलं.

सकाळी नात म्हणाली, "आजी, अण्णाआजोबांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही गं." कसा असणार? कॅमेरा कायम त्याच्याच हातात.

तिला म्हटलं, हाच झूम कर. आईच्या पायांपाशी बघ.

सूर्य पाठीशी होता ना. सावली पडलीय. विस्कटलेले केस, दोन्ही कोपरं बाहेर, कॅमेऱ्यावर वाकलेला.
आत्ताच पळत आलेला माझा भाऊ.

जा अण्णा, निवांत जा.
दाणे टाकलेत. पाणीही ठेवलंय.