खाडीतला एकांत

मुंबईत साहेबलोक रविवारी होडीत बसतात, वल्हवतात आणि कुठेही न जाता परत येतात, असं आमच्या यांनी रजेवर आल्यावर ओटीवर सांगितलं. सासरे म्हणाले, "मग बसतात कशाला?"

आमच्या घरात नवरा-बायकोनं बोलायची सोय नव्हती. हे ओटीवर झोपत, मी माजघरात जावांच्या रांगेत. मला मुंबईला न्या, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्या वाक्याला जागा मिळाली नव्हती. म्हणून यांनी खाडीत वर, कांदळवनात दोघांनीच जाऊन येऊ म्हटलं, तेव्हा मला साहेबलोकांविषयी प्रथमच आदर वाटला. सासूबाईंना देवीची ओटी भरायचं कारण सांगितलं. हवा खायला जातो म्हटलं असतं, तर घरात हवा नाही का, असं त्यांनी विचारलं असतं.

होडी एकाच खोडातून कोरलेली, अरुंद. हे पुढे, मी मागे. यांचं वल्हं मुंबईचं, म्हणजे पाण्यापेक्षा हवेतच जास्त फिरायचं.

आता आमच्या खाडीचा रिवाज असा, की काठावरून कुणी हाक मारली तर होडी लावायची. रिकामी होडी तशीच पुढे नेणारा माणूस माणसातून उठला. पहिल्याच वळणावर हाक आली.

"कुठं चाललास रे?"

"कुठंच नाही."

"मग हा फणस वरच्या गावात दे."

पुढे सुकटीची करंडी आली, मग पाय बांधलेली कोंबडी. शेवटी यांच्या आत्या लेकीकडे जायला उभ्याच होत्या. त्या आम्हां दोघांच्या मधोमध बसल्या, फणस मांडीवर घेऊन.

माझा नुसता संताप झाला. दोन दिवसांनी रजा संपत होती. काय व्हायचं ते होवो म्हणत मी आत्यांच्या डोक्यावरून ओरडले, "मला मुंबईला न्या! मी इथं राहणार नाही!"

पाण्यावरून आवाज किती लांब जातो, ते तेव्हा कळलं. एका काठावर जाळं विणणारे थांबले, दुसऱ्या काठावर कालवं काढणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. घरात हे "बघू" म्हणून उठून गेले असते. इथे उठलं तर होडी उलटणार होती.

"बोल की रे," आत्या म्हणाल्या. "सगळी ऐकतायत."

"नेईन," हे काठाकडे बघून पुटपुटले.

"मोठ्यानं बोल. पलीकडं पोचलं नाही."

"नेईन!"

दोन दिवसांनी जयगडहून सुटलेल्या बोटीत मी यांच्या शेजारी बसले. आमच्या ओळखीचं तिथं कुणी नव्हतं, आणि मुंबई येईपर्यंत आम्हां दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचलं नाही.